जुना सिग्नल बदलायचाय? मग खालून वर या

चौकातला सिग्नल बदलायचा असं ठरलं की पहिली मागणी येते ती आकडे मोजणाऱ्या टायमरची. नगरसेवकाला तो हवा असतो, कारण उद्घाटनाच्या फोटोत दिसतो. दुचाकीवाल्याला हवा असतो, कारण गाडी बंद करायची की चालू ठेवायची ते कळतं. विकणाऱ्याला तर हवाच असतो. माझं कुपवाड एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलचं छोटं वर्कशॉप आहे आणि सिग्नलच्या देखभाल-दुरुस्तीची कामं मी घेतो. माझं म्हणणं एकच: टायमर सगळ्यात शेवटी. खांबावर जे जे दिसतं ते सगळं शेवटीच. आधी जमिनीखालची केबल आणि अर्थिंग, मग रस्त्याकडेची पेटी, मग तिच्यातला कंट्रोलर (कोणता दिवा कधी पेटायचा ते ठरवणारं यंत्र), मग वेळांचं गणित आणि त्यानंतर दिवे.

निधी आला की हा क्रम नेमका उलटा होतो. वरचे दिवे कोरे करकरीत आणि खालची केबल पंधरा-वीस वर्षांपूर्वीची. पहिल्याच वळवात दोन बाजू बंद पडतात आणि 'एलईडीत दम नाही' म्हणून सगळे मोकळे होतात. एलईडीचा त्यात काडीचा दोष नसतो.

हे लिहितोय ते पालिकेच्या विद्युत विभागातल्या ज्युनिअर इंजिनिअरसाठी, आणि आपल्या भागातल्या चौकासाठी पाठपुरावा करणाऱ्या मंडळींसाठी. तांत्रिक गोष्टी येतील, पण समजायला अवघड काही नाही.

रस्ता कुणाचा, मीटर कुणाचा

कागद आधी गोळा करा. चौकात येणारा प्रत्येक रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते बघा: पालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग की राष्ट्रीय महामार्ग? मिरजेजवळून रत्नागिरी-नागपूर महामार्ग जातो, साताऱ्याला खेटून पुणे-बेंगळुरू महामार्ग आहे. अशा ठिकाणी एकाच चौकाला दोन मालक निघतात आणि खोदाईची परवानगी दोघांकडून आणावी लागते. महावितरणचं मीटर कुणाच्या नावावर आहे, बिल कोण भरतं, वेळा कोण बदलतं, पेटीची किल्ली कुणाकडे आहे हे सगळं एका पानावर लिहून काढा. बहुतेक ठिकाणी बिल पालिका भरते, वेळा वाहतूक शाखा ठरवते आणि बिघाड झाला की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. ते पान तयार असलं की पुढच्या बैठकीतला अर्धा वाद तिथंच मिटतो.

अंदाजपत्रक बांधकाम खात्याच्या विद्युत दरसूचीवर करा. जी वस्तू सूचीत नाही तिच्यासाठी तीन दरपत्रकं घ्या. पैसा पालिकेच्या अंदाजपत्रकातून, जिल्हा नियोजन समितीतून किंवा आमदार निधीतून उभा राहू शकतो. जिल्हाधिकारी कार्यालयात रस्ता सुरक्षा समितीची बैठक होते, तिथं चौकाचा विषय नोंदवून घेतला तर फाईल लवकर हलते. नुसती नक्कल देऊन येऊ नका, आवक क्रमांक घ्या.

आणि एक प्रश्न निर्लज्जपणे विचारा: या चौकाला सिग्नल खरंच हवाय का? साताऱ्याच्या पोवई नाक्यावर २०२१ साली ग्रेड सेपरेटर सुरू झाला आणि बरीच वाहतूक खालून जायला लागली. असा बदल झाला की वरच्या चौकाचं जुनं गणित बाद होतं. इंडियन रोड काँग्रेसच्या आयआरसी ९३ या १९८५ सालच्या संहितेत सिग्नल कधी बसवावा याचे निकष दिले आहेत: वाहनांची संख्या, पादचारी, अपघात. छोट्या चौकात नीट आखलेलं वर्तुळ आणि चार ठिकाणी गतिरोधक एवढ्यावरही भागतं. सिग्नल काढून टाकणं हीसुद्धा सुधारणाच असते, फक्त तिचं उद्घाटन करता येत नाही.

पेटी उघडा

आता खरं काम. दुपारी बारा वाजता, वाहतूक हवालदाराला सांगून, पेटी उघडा. आत काय सापडेल ते मी आधीच सांगतो: मुंग्यांच्या वारुळाची माती, एखादी वाळलेली पाल, गुटख्याच्या पुड्या, आणि काळी टेप गुंडाळलेले जोड. या पसाऱ्यात नजर लावायची ती न्यूट्रल लिंकवर, म्हणजे सगळ्या न्यूट्रल वायरी जिथं एकत्र जोडतात त्या पट्टीवर. पितळेची ती पट्टी पिवळी दिसायला हवी. एखाद्या स्क्रूभोवती ती निळसर-काळी पडली असेल आणि शेजारच्या वायरचं प्लॅस्टिक कडक होऊन तडकलं असेल, तर तो जोड सैल आहे आणि बरेच महिने तापतोय. 'कधी कधी दिवे मिणमिणतात, मग आपोआप नीट होतात' अशी तक्रार ज्या चौकातून येते तिथं माझा हात आधी इथंच जातो. मेन बंद करा, वायर मागं कापून ताजं तांबं काढा, टोकाला धातूचा लग दाबून बसवा, पट्टी नवी टाका. दिवा बदलून हा आजार जात नाही.

मग केबल. कंट्रोलरच्या बाजूची सगळी टोकं सोडवा, दिव्यांच्या बाजूचीही सोडवा, आणि ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरीवरचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र) प्रत्येक कोर, म्हणजे केबलमधली प्रत्येक वायर, दुसऱ्या कोरशी आणि आर्मरशी, म्हणजे केबलच्या लोखंडी कवचाशी, तपासा. टोकं न सोडवता मेगर फिरवलात तर कंट्रोलरची कार्डं जळतील, हे मेगर हातात देण्याआधी नव्या पोराला दोनदा सांगा. एक मेगाओहमच्या खाली आलेली केबल मी ठेवत नाही. ही तपासणी उन्हाळ्यात करून काही उपयोग नाही, कारण मे महिन्यात सडकी केबलसुद्धा पास होते. जुलैत चार दिवस झड लागल्यावर करा. अर्थिंगचं बरोबर उलटं. ते मे महिन्यात मोजा. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थच्या पाइपभोवतीची माती सुटते, आणि पावसाळ्यात तीन ओहम दाखवणारा खड्डा मेमध्ये भलताच आकडा दाखवतो. पाच ओहमच्या आत ठेवायचं असं आम्ही धरतो, आणि ते भर उन्हाळ्यात.

अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नका असं सगळेच म्हणतात, म्हणून त्याचं कारण स्पष्ट सांगतो. सिग्नलचा खांब लोखंडाचा, त्यातून २३० व्होल्ट वर जातात, आणि शाळा सुटल्यावर पोरं त्याच खांबाला धरून उभी राहतात. प्रत्येक खांब अर्थला जोडलेला हवा, आणि पेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की आपोआप पडणारा स्विच, हवी. ती सारखी पडते म्हणून बायपास केलेल्या पेट्या मी पाहिल्या आहेत. ती पडते म्हणजे कुठंतरी गळती आहे. गळती शोधा.

केबल नवी टाकायची तर तांब्याची, आर्मर्ड, बहुकोर घ्या आणि दोन-तीन कोर जास्तीचे ठेवा. पेटीपासून खांबाच्या जंक्शन बॉक्सपर्यंत एकसंध केबल, रस्त्याखाली जोड नाही. रस्ता एकदा फोडायचाच आहे तर दुहेरी भिंतीचे दोन पाइप जादा टाकून ठेवा, टोकं बंद करून. पुढं कॅमेऱ्याची किंवा फायबरची वायर न्यायची वेळ आली की डांबर पुन्हा फोडावं लागत नाही. पाइप कुठून गेलाय त्याचा नकाशा करा आणि त्याची प्रत ड्रेनेज आणि पाणीपुरवठा विभागाला सही घेऊन द्या. सिग्नलची सर्वांत मोठी शत्रू जेसीबी आहे.

खांब बघताना वर बघू नका, बुडाशी बघा. माती बाजूला करून हातोडीनं हळू ठोका. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर तो खांब नव्या दिव्यांच्या लायकीचा नाही. काळ्या मातीत पाया उथळ असेल तर दोन-तीन पावसाळ्यांत खांब कलतो, आणि कललेल्या खांबावरचा दिवा भलत्याच रस्त्याला दिसतो. नवा खांब गॅल्व्हनाइज्डच घ्या. रस्त्यावर आडवा हात काढायचा तर खालून साडेपाच मीटर मोकळे सोडा. गणपतीच्या मिरवणुकीच्या मार्गावर असाल तर आडवा हात फिरवून बाजूला करता येईल अशी बिजागरी मागा, नाहीतर दरवर्षी विसर्जनाच्या आदल्या दिवशी गॅस कटर घेऊन धावपळ. ऊस हंगामाचंही ध्यानात ठेवा. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर डावीकडे वळला की मागची ट्रॉली कोपरा कापते, आणि कोपऱ्यावरचा खांब तिच्या वाटेत असतो. खांब कडेपासून थोडा आत घ्या आणि पुढं लोखंडी रेलिंग लावा.

पुराची रेषा

सांगलीत ही पायरी वेगळी लिहावीच लागते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभाग, मारुती चौक या भागात राहणाऱ्यांना ती रेषा घराच्या भिंतीवर अजून दाखवता येते. पेटी बसवण्याआधी जवळच्या दुकानदाराला तीच विचारा: 'काका, पाणी कुठंवर आलं होतं?' उत्तर बहुधा हात वर करूनच मिळतं.

रेषा कमरेएवढी असेल तर चौथरा उंच करून पेटी तिच्या वर न्या आणि पुढं उभं राहायला पायरी बांधा. रेषा डोक्यावरून जात असेल तर उंच बांधण्यात अर्थ नाही, कारण मग दुरुस्तीला शिडी लागते आणि शिडी लागली की दुरुस्ती होत नाही. अशा ठिकाणी पेटीतलं इलेक्ट्रॉनिक्स काढता येईल असं घ्या: कंट्रोलर रॅकमध्ये, सगळ्या वायरी प्लगवर, प्रत्येक प्लगला नंबर. आयर्विनला ४० फूट गाठायच्या आत एक माणूस स्क्रू ड्रायव्हर आणि प्लॅस्टिकचा क्रेट घेऊन जातो, कंट्रोलर आणि बॅटरी काढून आणतो. पूर ओसरल्यावर केबल धुऊन, वाळवून, मेगर करून मगच प्लग पुन्हा लावायचे. पेटी आयपी ६५ ची, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न येऊ देणारी, असली तरी ती पावसासाठी असते, पाण्याखाली राहण्यासाठी नाही. ही अट निविदेत लिहिली तर तिचा खर्च किरकोळ असतो.

कंट्रोलर आधी, एलईडी नंतर

इथं जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात.

जुन्या सिग्नलमध्ये ६० ते १०० वॅटचे बल्ब असतात. जुना कंट्रोलर त्याच हिशेबानं बनवलेला असतो. दिवा फुटला की नाही हे तो करंट मोजून ओळखतो. त्या जागी १२ वॅटचा एलईडी लावला की करंट इतका कमी होतो की कंट्रोलरला दिवा फ्यूज झाल्यासारखा वाटतो. मग कुणीतरी ती तपासणीच बंद करून टाकतं, आणि लाल दिवा खरोखर गेला तरी कंट्रोलरला पत्ता लागत नाही. दुसरी भानगड अशी की दिव्यांना वीज सोडणाऱ्या जुन्या आउटपुट कार्डातून दिवा बंद असतानाही थोडा करंट झिरपतो. बल्बला तो जाणवत नसे. एलईडी मात्र त्यावर मंद पेटतो, आणि रात्री लालबरोबर हिरवाही उजळल्यासारखा दिसतो. म्हणून आधी एलईडीसाठी बनवलेला कंट्रोलर, मग एलईडी. दोन्ही एकत्र जमत नसेल तर एक वर्ष बल्बवरच काढा, पण कंट्रोलर आधी घ्या.

कंट्रोलर घेताना एक गोष्ट तपासल्याशिवाय बिलावर सही करू नका: दोन आडव्या रस्त्यांना एकाच वेळी हिरवा. असं झालं तर कंट्रोलरनं क्षणात स्वतःला थांबवून चारही बाजूंना लुकलुकत्या दिव्यावर जायला हवं. माहितीपत्रकात हे सगळेच लिहितात. तुम्ही वर्कशॉपमध्ये जाऊन टेबलावर करून बघा. उत्तरेचा हिरवा पेटलेला असताना पूर्वेच्या हिरव्याच्या टर्मिनलला बाहेरून फेज द्या. लुकलुक सुरू झाली तर पास. मग लाल दिव्याची वायर उपटा. त्यालाही तसाच प्रतिसाद यायला हवा, कारण लाल नसलेला सिग्नल हा बंद सिग्नलपेक्षा घातक असतो. बंद सिग्नलला माणूस निदान ब्रेक लावतो.

घड्याळाची बटणासारखी बॅटरी कुठं आहे आणि ती बदलताना वेळा पुसल्या जातात का, हेही तिथंच विचारा. सकाळच्या आणि रात्रीच्या वेळा उलट्यापालट्या चालणाऱ्या चौकात निम्म्या वेळा कारण तेवढंच असतं. घड्याळ जीपीएसवरून वेळ घेणारं असेल तर उत्तम, कारण मग लगतचे दोन चौक मधे केबल न टाकता एका तालात चालवता येतात. दोन्हीकडे फेरी, म्हणजे सगळ्या बाजूंना एकेकदा हिरवा मिळून पुन्हा पहिल्यावर यायला लागणारा वेळ, सारखीच ठेवायची आणि पुढच्या चौकाचा हिरवा गाडी पोचायच्या वेळेवर सुरू करायचा. चौकांत ४०० मीटर अंतर आणि गाड्यांचा वेग ताशी ३० किलोमीटर असेल तर ४८ सेकंद. आपल्याकडे एवढं पुरतं. तिरुवनंतपुरमच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेनं कोसीकॉस्ट नावाची, गर्दी बघून वेळा आपोआप बदलणारी प्रणाली आपल्या मिसळ वाहतुकीसाठीच बनवली आहे, ती मोठ्या शहरांना शोभते. विट्या-तासगावला एक-दोन चौकांसाठी कंट्रोल रूम मागणाऱ्यांना माझा सल्ला: आधी पेटीला छत करा.

पासवर्डचं आवर्जून सांगतो. एका पालिकेच्या चौकात ठेकेदार बदलला आणि वेळा बदलायचा पासवर्ड जुन्याकडेच राहिला. नव्या ठेकेदारानं चांगला चालणारा कंट्रोलर काढून दुसरा बसवला, पालिकेनं पैसे मोजले. निविदेतच लिहा: सर्व पासवर्ड, सॉफ्टवेअर, वायरिंगचा नकाशा आणि वेळांचा तक्ता पालिकेच्या ताब्यात, नकाशाची लॅमिनेटेड प्रत पेटीच्या दाराच्या आत.

वेळा: मोजा, मग ठरवा

जुन्या सिग्नलवरच्या वेळा कुणी ठरवल्या हे बहुधा कुणालाच माहीत नसतं. त्या तशाच नव्या कंट्रोलरमध्ये टाकणं म्हणजे जुनीच गर्दी नव्या पेटीतून चालवणं. दोन दिवस मोजणी करा, एक साधा दिवस आणि एक बाजाराचा. सकाळी नऊ ते अकरा, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, दर पंधरा मिनिटांचा वेगळा कागद. वालचंद कॉलेजसारख्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या सिव्हिलच्या मुलांना हे काम प्रोजेक्ट म्हणून हवंच असतं. त्यांच्या सरांना पत्र द्या. उसाचा हंगाम चालू असेल तर त्यात एकदा वेगळी मोजणी हवी.

वाहनं नुसती मोजून चालत नाहीत, ती कारच्या मापात आणावी लागतात. आयआरसी १०६ प्रमाणे कार १, दुचाकी त्यांचं प्रमाण जास्त असलेल्या रस्त्यावर ०.७५, आणि ट्रॅक्टर-ट्रॉली ४ ते ५. म्हणजे एक उसाची ट्रॉली सहा दुचाकींना भारी. रस्त्याची क्षमता ढोबळमानानं हिरवा असताना तासाला ५२५ गुणिले रुंदी मीटरमध्ये.

मांडणी कळावी म्हणून एक उदाहरण. मुख्य रस्त्याची येणारी बाजू ७ मीटर, क्षमता ३,६७५, गर्दीच्या तासाला १,३००, गर्दी भागिले क्षमता ०.३५. आडवा रस्ता साडेपाच मीटर, क्षमता २,८८७, गर्दी ६२०, भागाकार ०.२१. बेरीज ०.५६, ती एकातून वजा केली की उरले ०.४४. पिवळ्यात आणि सगळीकडे लाल असताना फेरीमागे वाया जाणारे १० सेकंद धरा. फेरी किती असावी याचं वेबस्टरचं सूत्र: वाया गेलेल्या वेळेची दीडपट अधिक ५, भागिले ते उरलेलं. म्हणजे २० भागिले ०.४४, साधारण ४५. थोडी सैल ठेवून ५० सेकंदांची फेरी घ्या. हिरव्याला उरले ४०, ते दोघांत भागाकाराच्या प्रमाणात वाटले की मुख्य रस्त्याला २५ आणि आडव्याला १५.

आता पायी चालणारा आणा. आडव्या रस्त्याला हिरवा असताना माणूस मुख्य रस्ता ओलांडतो, तो दोन्ही बाजू मिळून १४ मीटर. सेकंदाला १.२ मीटर या चालीनं १२ सेकंद, आणि निघायला सातेक सेकंद. झाले १९. पंधरात ते बसत नाहीत. म्हणून आडव्याला १९, त्याच प्रमाणात मुख्यला ३१, फेरी ६० सेकंदांची. गणितात पहिल्यांदा पादचारी आला की आकडे असे हलतात, आणि मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात, जिथं काठी टेकत चालणारा पेशंट रोजचाच आहे, तिथं चाल १.२ पेक्षा कमी धरा. चारही बाजूंना वेगवेगळा हिरवा देत असाल तर फेरी याहून लांब होते. तरी १२० सेकंदांच्या वर जाऊ नका. लोक तेवढं थांबत नाहीत, सरळ लाल तोडतात, आणि मग दोष त्यांच्या शिस्तीला दिला जातो.

पिवळा तीन सेकंद. गाड्यांचा वेग ताशी ४० किलोमीटर धरला तर हिशेब २.८५ सेकंद येतो, तो वर ओढला. त्यानंतर सगळीकडे लाल दोन सेकंद. उसाच्या हंगामात तो तीन-चार करा, कारण भरलेला ट्रॅक्टर चौकाच्या मध्यावर असताना पलीकडचा हिरवा सुरू होतो आणि पुढचं सगळं त्या ट्रॉलीभोवती अडकतं. नव्या कंट्रोलरमध्ये हंगामाचा वेगळा तक्ता ठेवता येतो, तो ठेवा. रात्री अकरानंतर मुख्य रस्त्याला लुकलुकता पिवळा आणि आडव्याला लुकलुकता लाल. लुकलुकत्या लालचा अर्थ आधी थांबा, बघा, मग जा असा आहे, हे चौकात फलकावर लिहिलेलं बरं.

गाड्या ओळखून हिरवा कमी-जास्त करायचा असेल तर डांबरात गाडलेल्या तारेच्या वेटोळ्यापेक्षा कॅमेरा बरा. ती तार पहिल्या डांबरीकरणात तुटते. आणि तसा सिग्नल घेतला तर टायमरचा हट्ट सोडा. हिरवा किती चालणार हे कंट्रोलरलाच आधी माहीत नसतं, तर आकडा दाखवणार कुठून?

आता दिवे

एवढं झाल्यावर दिव्यांचं काम सोपं आहे. आठ डोकी (एक डोकं म्हणजे लाल-पिवळा-हिरवा असा तीन दिव्यांचा संच) असलेल्या चौकात कुठल्याही क्षणी आठ दिवे पेटलेले असतात. १०० वॅटच्या बल्बवर दिवसाचे १६ तास धरले तर १२.८ युनिट, १२ वॅटच्या एलईडीवर दीड. महिन्याला साधारण ३४० युनिट वाचतात. हा आकडा प्रस्तावात पहिल्या पानावर घाला, लेखा विभागाला तो आवडतो. बॅकअपही आटोक्यात येतो: दिवे आणि कंट्रोलर मिळून १४० वॅटच्या आसपास, चार तासांना १२ व्होल्ट १०० एएचची एक बॅटरी पुरते.

मुख्य रस्त्याला ३०० मिलिमीटरचा लाल घ्या. नमुन्याचा दिवा मागवून उन्हात बघा, ऑफिसात टेबलावर नको. सांगली-मिरज रस्त्यासारख्या पूर्व-पश्चिम रस्त्यावर संध्याकाळी मिरजेकडे जाणाऱ्याच्या पाठीमागून मावळतं ऊन थेट काचेवर पडतं आणि तिन्ही दिवे पेटल्यासारखे दिसतात. त्यासाठी उन्हात खोटा न चमकणारा लेन्स आणि लांब टोपी. सकाळी त्याच माणसाच्या डोळ्यासमोर सूर्य असतो आणि सिग्नल नुसता काळा ठिपका होतो. त्यासाठी डोक्यामागे रुंद काळा पत्रा. एकाच डोक्याला दोन्ही लागतात. पत्रा लावला की त्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स बांधायला जागा होते, म्हणून वाहतूक शाखेला आधीच सांगून ठेवा.

एलईडी बल्बसारखा एकदम जात नाही. आधी एक ओळ जाते, मग दुसरी, आणि मंद होत होत एक दिवस उन्हात दिसेनासा होतो. म्हणून हमीत 'बंद पडल्यास' एवढंच लिहू नका. 'चौथा हिस्सा ठिपके गेल्यास किंवा थांब्याच्या रेषेपासून भर दुपारी न दिसल्यास' बदलून देणं असं लिहा. हमी पाच वर्षं मागा. प्रत्येक रंगाचे दोन-दोन सुटे दिवे आणि एक सुटं आउटपुट कार्ड पालिकेच्या स्टोअरला जमा हवं.

बदलायचा दिवस

रविवारी पहाटे सुरू करा. नवी डोकी आधी बसवून ठेवता येतात, पण चालू होईपर्यंत त्यांवर पोतं बांधा, नाहीतर लोक त्याला बंद पडलेला सिग्नल समजून मधेच घुसतात. जुना बंद केला की चारही तोंडांना एकेक हवालदार, आणि नवा आधी दोन तास लुकलुकत्या पिवळ्यावर. मग हिरवा-लाल. सोमवारी सकाळी साडेनऊला स्वतः चौकात उभे राहा आणि प्रत्येक रांग हिरव्यात रिकामी होते का ते बघा. पहिल्या आठवड्यात वेळा दोन-तीनदा हलवाव्या लागतात, ठेकेदाराला तोवर सोडू नका. थांब्याची रेषा आणि झेब्रा त्याच आठवड्यात रंगवून घ्या, कारण रेषाच नसेल तर नवा लाल दिवा कुठं थांबायला सांगतोय ते कळत नाही.

जुन्या बॅटऱ्या विकणाऱ्याला परत द्या आणि पावती घ्या. कार्डं ई-कचऱ्यात जातात, भंगारात नाही. चांगली उतरलेली लोखंडी डोकी मात्र टाकू नका, एखाद्या कमी गर्दीच्या शाळेसमोर लुकलुकत्या पिवळ्याला ती चालतात.

देखभालीच्या करारात वर्षाला किती भेटी असं न लिहिता किती तासांत दुरुस्ती असं लिहा: लाल गेला तर चार तास, बाकीचं चोवीस, उशीर झाला तर तासाला दंड. पावसाळ्यापूर्वी अर्थिंग, पावसाळ्यात मेगर, दिवाळीआधी लेन्स पुसणं आणि न्यूट्रल लिंकचे स्क्रू आवळणं, एवढी चार कामं तारीख-सहीसह पेटीतल्या वहीत नोंदलेली दिसली पाहिजेत. वही नसेल तर बिल नाही. किल्ल्या तीन करा: एक विद्युत विभागात, एक वाहतूक शाखेत, एक ठेकेदाराकडे. चौथी पानपट्टीवाल्याकडे ठेवायची पद्धत बंद करा, भले तो कितीही भरवशाचा असो.